खडूने लिहिलेलं गाव

"मग मला शोधायचं कुणी, बुवा? आणि कसं?"

शिरीष काळमेघने हे तिसऱ्यांदा विचारलं.

अचलबुवा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. एक शेंग सोलून त्यांनी दाणे परातीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"कोण शोधतंय तुला?"

शिरीषने एक टरफल उचलून पुन्हा जमिनीवर मांडलं.

मी मध्ये पडलो नाही. मठात माझं काम बोलण्याचं नाही, लिहिण्याचं. तेही फळ्यावर. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवला आणि निवृत्त होऊन इथे आलो, तर इथेही हातात खडूच आला. लोक मला मास्तर म्हणतात, ते काही सुटलं नाही.

हा शिरीष अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. वय पस्तिशीचं, शर्टाला कडक इस्त्री. समोरच्याला आपलं बोलणं कळत नसणार, हे धरून चालायची त्याला सवय होती. बायकोने, नंदाने, त्याला आठ दिवसांसाठी मठात पाठवलं होतं. घरात तो कुणाशी धड बोलत नाही, जेवताना ताटाकडे बघतो आणि उठून कॉम्प्युटरपाशी जातो, असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

साल दोन हजार एक. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून यायचं. घरातल्या कॉम्प्युटरने फोन लावायचा, पलीकडे कंपनीचं मशीन तो उचलायचं आणि तुमच्या कॉम्प्युटरला एक नंबर द्यायचं. चार आकडे, मध्ये टिंबं. जगात कुठूनही कुणी त्या नंबरावर आलं की तुमचा कॉम्प्युटर सापडणार. पण फोन तुटला की नंबर गेला. पुन्हा लावला की दुसरा.

हे सगळं शिरीषने बुवांना तुरीची टरफलं मांडून समजावलं. मलाही कळलं, म्हणजे त्याने चांगलंच शिकवलं असणार. मी त्याला तसं सांगितलं नाही, आधीच तो जमिनीपासून वीतभर वर चालत होता.

त्याने कंपनीकडे कायमच्या नंबरासाठी तीन अर्ज केले होते. घरगुती जोडणीला कायमचा नंबर मिळत नाही, असं तिन्ही वेळा उत्तर आलं.

"आणि मिळाला तर?" बुवांनी विचारलं.

"तर प्रश्नच मिटला. मी जागचा हलणार नाही. ज्याला यायचं, त्याने यावं."

"हं."

बुवांनी आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाले, "तुझ्या घरून निघालेलं माहितीचं पाकीट लांब जातं म्हणतोस. त्याला वाट कोण सांगतं?"

शिरीष खुलला. हा त्याचा आवडता विषय असावा. पूर्ण वाट कुणालाच माहीत नसते, तो म्हणाला. प्रत्येक ठिकाणच्या मशीनला फक्त पुढचं दार माहीत असतं. ओळखीचं असेल ते आपल्याकडे ठेवायचं, बाकी सगळं पुढच्या दाराशी नेऊन द्यायचं. असं दारोदार करत पाकीट पोचतं.

"आमचंही तसंच," बुवा म्हणाले आणि परात उचलून आत गेले.

*

बुवांचं नाव अचल आणि पाय एका जागी ठरत नाहीत, यावरून मी त्यांना बरीच वर्षं चिडवत आलोय. आमच्या मठातले साधू फिरते. सातपुड्याच्या पायथ्याची गावं हिंडायची, एका गावात तीन रात्रींच्या वर राहायचं नाही, हा नियम. दिवाळीनंतर गुडघ्यांना विश्रांती म्हणून बुवा आठ दिवस मठात येतात, एवढाच काय तो त्यांचा मुक्काम.

या नियमाला जोडून आणखी एक आहे. साधूने नव्या गावात पोचल्यावर झोळी खाली ठेवायच्या आधी मठाला निरोप द्यायचा. आधी निरोप, मग पाणी. पूर्वी कार्डं यायची, आता किराणा दुकानातून नाहीतर ग्रामपंचायतीतून फोन येतो. निरोप आला की मी ओसरीवरच्या मोठ्या फळ्यावर लिहितो. डावीकडे चौदा साधूंची नावं, ऑइलपेंटने रंगवलेली. उजवीकडे प्रत्येकापुढे गाव, खडूने.

साधूंनाही मागे कुणीतरी असतंच. म्हातारी आई येते, भाऊ येतो, जमिनीच्या कागदावर सही हवी म्हणून चुलता येतो. फळा वाचतात आणि त्या गावाची बस धरतात.

तिसऱ्या दिवशी मला चष्म्याची काच बदलायला परतवाड्याला जायचं होतं. शिरीष म्हणाला, मी बसून कंटाळलोय, काही काम असेल तर द्या. फळ्यावरची नावं पुसट झाली होती. मी त्याला रंगाचा डबा आणि ब्रश दाखवला, फोन आला तर निरोप लिहून घे म्हणालो आणि निघालो. सगळी चूक त्याची नव्हे, एवढं मला कबूल करायला हवं. रंगवायचं काय आणि सोडायचं काय, हे मी सांगितलंच नव्हतं. माणूस शिकलेला, त्याला काय सांगायचं, असं मला वाटलं.

संध्याकाळी परत आलो तर फळा लखलखत होता.

चौदा नावं पिवळ्या रंगात, अक्षराला मागून लाल सावली. आणि चौदा गावं. तीही पिवळ्या रंगात, तीही सावलीसकट. गावांखाली त्याने पट्टीने रेघ मारली होती.

"खडू पुसला जातो, मास्तर," शिरीष हात पुसत म्हणाला. "किती ठिकाणी तर वाचताच येत नव्हतं. आता दहा वर्षं बघायला नको."

माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं. चौतीस वर्षांच्या शाळेत आणि संसारात मिळूनही मला इतका राग फार वेळा आलेला नाही.

"फोन आले होते?" मी विचारलं.

"आले ना. तीन." त्याने शर्टाच्या खिशातून तीन चिठ्ठ्या काढल्या. "हे घ्या. लिहून ठेवलंय सगळं. सारंगधरबुवा बेलखेड्याहून धामणीला गेले, दुसरे…"

"आणि फळ्यावर?"

त्याने फळ्याकडे बघितलं. सारंगधर, बेलखेडा. अक्षर खरंच सुरेख होतं.

"रंग ओला होता," तो म्हणाला. "उद्या बदलतो."

तेवढ्यात बुवा बाहेर आले. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचला. मग माझ्या खिशातला खडू काढला आणि बेलखेड्यावर धामणी लिहायला लागले. रंग वरून सुकला होता, पण गुळगुळीत. खडू नुसता घसरत गेला.

"धरत नाही," बुवा म्हणाले. खडू माझ्या हातात देऊन ते पाय धुवायला गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास एक म्हातारी बाई मठाच्या पायऱ्या चढून आली. काखेत पिशवी, हातात पितळी डबा, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. मी तिला ओळखलं. सारंगधरबुवांची थोरली बहीण, मूर्तिजापूरकडची गिरजाबाई. वर्षातून एकदा भावाला भेटायला येते.

शिरीषनेही तिला ओळखलं. त्याचा चेहराच सांगत होता.

"काल आली होतीस का, बाई?" मी विचारलं.

"आली होती ना. या साहेबानं फळा वाचून देल्ला. बेलखेडा म्हणे." ती पायरीवर बसली. "तिथं गेली. कोणी नाही. देवळात बसून राहिली. सकाळी एक जण म्हणे, बुवा कालच गेले."

मी पाणी आणून दिलं. ती घोट घोट प्यायली.

"मागच्या दिवाळीले मी त्याच्यावर लय रागावली होती," ती म्हणाली. "मायच्या तेराव्याले आला नाही म्हणून. मले वाटलं, तोच राग धरून बसला. बहीण येते हे कळलं आन् मुद्दाम निघून गेला."

तिने पदराने डब्यावरची धूळ पुसली.

"सरळ घरीच चालली होती. पण बस फाट्यावर बदलावी लागते. म्हटलं, डबा तरी मठात ठेवून द्यावा. त्याले नाही तर कोणाले तरी खाता येईल."

शिरीष पुढे झाला. खिशात हात घातला. चिठ्ठी तिथेच होती.

"ते धामणीला आहेत, मावशी," तो म्हणाला. "काल दुपारपासून. तुम्ही निघालात आणि थोड्या वेळाने त्यांचा फोन आला."

"धामणीले?" बाईचा चेहरा एकदम उजळला. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुले कवा समजलं?"

"काल."

"मंग सांगाले काय झालं होतं?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शिरीषने दारातून आत फोनकडे बघितलं, शेजारच्या भिंतीवर बेलखेड्याच्या किराणा दुकानाचा नंबर लिहिलेला होता.

दुधाची जीप धामणीवरूनच जाते. बुवांनी स्वतः हात करून ती थांबवली, बाईला पुढच्या सीटवर बसवलं. ती डबा मांडीवर घट्ट धरून बसली आणि ड्रायव्हरला भावाबद्दल सांगायला लागली. जीप वळणाआड जाईपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. मला फार बरं वाटलं.

मी मागे वळलो तेव्हा शिरीष रॉकेलचा डबा आणि चिंधी शोधत होता.

*

ऑइलपेंट लवकर निघत नाही. तो एकेक गाव घासत होता. नावांना चिंधी लागू नये म्हणून डाव्या हाताने कागद धरत होता. इस्त्रीच्या शर्टावर पिवळे डाग पडले, त्याने पाहिलंही नाही.

बुवा त्याच्यामागे खांबाला टेकून बसले. मी दाराशी.

सातवं गाव घासताना तो बोलायला लागला. बुवांकडे न बघता.

"मला एक थोरली बहीण आहे. कुमुद. मस्कतला नर्स आहे."

बुवा ऐकत होते.

आई गेली तेव्हा कुमुदला सुट्टी मिळाली नाही, असं त्याने सांगितलं. ती आली नाही. तो फोनवर तिला नको ते बोलला. त्यानंतर दीड वर्ष दोघे बोलले नव्हते. मग कधीतरी कपाट आवरताना त्याला एक कॅसेट सापडली. आई दळताना ओव्या म्हणायची, त्या कुणीतरी भरून ठेवल्या होत्या. त्याने तो आवाज कॉम्प्युटरवर घेतला. आईचे फोटो घेतले. सगळं घरच्याच कॉम्प्युटरवर मांडलं, म्हणजे कुमुदला तिकडून उघडून ऐकता येईल.

"पाठवून का नाही दिलंस?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"मला वाटलं, तिने यावं. आपल्या हाताने उघडावं." तो थांबला. "मी का पाठवू? आली नव्हती ती."

एका मंगळवारी ओळखीचे एक गृहस्थ मस्कतला निघाले होते. त्यांच्याबरोबर त्याने चिठ्ठी दिली. त्यावर तो नंबर आणि खाली एक ओळ. इथे आईचा आवाज आहे, हवा असेल तर ऐक.

कुमुदला शुक्रवारी सुट्टी असते. नंबर बदलू नये म्हणून मंगळवारपासून त्याने फोन तुटूच दिला नाही. दिवसरात्र लाइन चालू. बुधवारी तो कॉलेजात असताना पाच मिनिटं लाइन गेली. कॉम्प्युटरने आपणहून पुन्हा फोन लावला आणि नवा नंबर घेऊन बसला.

"तुला कधी कळलं?" बुवांनी विचारलं.

चिंधी थांबली.

"बुधवारी संध्याकाळी."

"मग?"

"मग काय… एकदा सांगितलं होतं. पुन्हा कशाला सांगायचं? म्हटलं, तिला खरंच हवं असेल तर ती विचारेल. नाही उघडलं तर घरी फोन करेल." तो पुन्हा घासायला लागला. "रविवारपर्यंत लाइन चालू ठेवली मी. तिचा फोन आला नाही. आठ महिने झाले. त्यानंतर मी आईचा आवाजही ऐकलेला नाही."

अंगणात चिमण्या काल वाळत घातलेल्या तुरीवर बसल्या होत्या, मी त्यांना हाकललंही नाही.

"तुझ्या घरी तारा किती?" बुवांनी विचारलं.

"कसल्या?"

"टेलिफोनच्या."

"एकच."

"कॉम्प्युटरने ती धरली, की घरच्या फोनवर काय होतं?"

"एंगेज लागतो," शिरीष म्हणाला. शिकवायच्या सवयीने, ताबडतोब. "डेटा चालू असला की बाहेरून…"

तो तिथेच थांबला.

त्याने चिंधी खाली ठेवली. मग पायरीवर बसला, सकाळी गिरजाबाई बसली होती तिथेच, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हाताला रॉकेल होतं. मी त्याला टॉवेल नेऊन दिला. मला त्याची दया आली, आणि काल संध्याकाळी त्याच्याबद्दल मनात जे जे आलं होतं त्याची लाजही वाटली.

"सहा दिवस," तो म्हणाला. "मंगळवार ते रविवार. मी वाट बघत बसलो होतो, बुवा."

बुवा उठून त्याच्याजवळ येऊन बसले.

"मला एक सांग, इंजिनियर. तुझा नंबर रोज बदलतो. मग तुझा कॉम्प्युटर बाहेर काही विचारायला गेला, तर उत्तर भलतीकडे जातं?"

"नाही." त्याने नाक पुसलं. "बाहेर जाताना त्या दिवसाचा नंबर पाकिटावर असतोच. उत्तर बरोबर माझ्याकडेच येतं. नंबर कितीही बदलू दे. बाहेरून कुणाला आत यायचं असेल, तेव्हाच अडतं."

"म्हणजे तू आधी हाक मारलीस तर काही अडत नाही."

"नाही."

"मग कायमचा नंबर कशाला हवा होता?"

शिरीषने चिंधी उचलली. त्याने उरलेली सात गावं घासून काढली, कोरड्या फडक्याने फळा पुसला आणि माझ्याकडे खडू मागितला. तिन्ही चिठ्ठ्या खिशातून काढून त्याने गावं लिहिली. बाकीची मी सांगितली. मग माझा खडू त्याने आपल्याच खिशात ठेवला, आणि मीही तो मागितला नाही.

*

बुवांचे आठ दिवस त्याच दुपारी भरत होते. जेवणं झाल्यावर त्यांनी झोळी खांद्याला लावली, काठी घेतली. शिरीष म्हणाला, फाट्यापर्यंत येतो. तिथे पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ आहे, परदेशी फोन लागणारा इकडचा एकमेव. तो बूथबद्दल काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. मी सोबत निघालो, निमित्त तंबाखूचं.

फाट्यावर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. तिकडे दीड तास मागे, म्हणजे दीड. शिरीषने तो हिशोब वाटेत दोनदा करून दाखवला.

पाकिटातून त्याने एक चुरगळलेली चिठ्ठी काढली.

"हा नंबर दोन वर्षांपूर्वीचा आहे," तो म्हणाला. "तिने जागा बदलली असेल."

"असेल," बुवा म्हणाले.

"मग?"

बुवांनी काठीने बूथचं दार ढकलून धरलं.

त्याने फोन लावला. दुसऱ्या खेपेला लागला. तिकडे कुणी दुसरीच बाई होती आणि तिचा आवाज इतका खणखणीत होता की आम्हाला दारातून ऐकू येत होता. ती हिंदीत बोलत होती, मल्याळी वळणाची हिंदी. कुमुद इथे राहत नाही, दुसऱ्या हॉस्टेलला गेली. तिथला नंबर माझ्याकडे नाही. खाली ऑफिसात विचारा, ऑफिसचा नंबर देते. तुम्ही कोण?

"भाई," शिरीष म्हणाला. "उसका भाई. शिरीष."

मग ती बाई आणखी मोठ्याने बोलली. तुमचा फोन का कधी लागत नाही? एका शुक्रवारी कुमुद दिवसभर लावत होती. सकाळपासून. जेवलीसुद्धा नाही. सारखा एंगेज, सारखा एंगेज.

मग ती एकेक आकडा सांगायला लागली.

मी शिरीषच्या खिशातला खडू काढला आणि ऑफिसचा नंबर बूथच्या काळ्या फळकुटावर लिहून घेतला. त्याच्या हातून ते झालं नसतं.

ऑफिसात एक माणूस भेटला. त्यालाही कुमुदची खोली माहीत नव्हती, पण नव्या हॉस्टेलच्या दारावर बसणाऱ्या माणसाचा नंबर त्याच्याकडे होता. तोही मी लिहिला. दारावरच्या माणसाने सांगितलं, ती आताच ड्यूटीवरून आली, थांबा, बोलावतो.

मग फोनमधून चपलांचा आवाज आला. लांबून जवळ येणारा.

"हॅलो?"

शिरीषने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"कुमुद… मी शिरीष."

बूथवाला पोरगेलासा माणूस आमच्याकडे बघून पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. रस्त्यावरून एक उसाची बैलगाडी गेली, तिच्या चाकांची करकर संपेपर्यंत पलीकडे काहीच नव्हतं.

शिरीषने आमच्याकडे बघितलं.

"कुमुद, चूक माझी होती," तो म्हणाला. "नंबर बदलला होता. मला माहीत होतं. मी कळवलं नाही."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. आणि मग, रडता रडताच, थोरल्या बहिणीचा तो हुकमी सूर.

"कुठे आहेस तू? घरी लावते तर लागत नाही. मी आत्ता परत लावू का? कुठे लावू?"

शिरीष गोंधळला. त्याने घराचा नंबर सांगायला सुरुवात केली, मध्येच थांबला. आपण घरी नाही, कॉलेजात नाही, कुठल्या तरी फाट्यावरच्या पिवळ्या डब्यात रॉकेलच्या वासाच्या शर्टात उभे आहोत, हे बहिणीला कसं सांगावं ते त्याला कळेना. फोनवर हात ठेवून तो बुवांकडे वळला.

"ती विचारतेय, तू कुठे आहेस… काय सांगू, बुवा?"

अचलबुवांनी झोळी खांद्यावर नीट केली आणि काठीने धरलेलं दार हळूच सोडून दिलं.

"आजचं गाव सांग."